पुढच्या रांगेतली खुर्ची

(चिंचवड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मुद्रित पाठ)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, ते गृहस्थ कारखान्यात टर्नर होते, ख्रिस्ती मंडळीत पंच होते आणि युनियनच्या कचेरीत हिशेब लिहीत. या तिन्ही कामांत त्यांनी गल्लत केली नाही आणि फारकतही होऊ दिली नाही. म्हणून ख्रिस्ती श्रद्धा, पक्षीय राजकारण आणि गरिबांची काळजी हा विषय चालकांनी सुचवला, तेव्हा मी लगेच होकार दिला. पक्षांची नावं शक्यतो घेऊ नका, अशी सूचनाही सोबत मिळाली. ती मी निम्मी पाळेन.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. एखादा समाज कोणत्या पक्षाच्या जवळ आहे, यावरून त्याची श्रद्धा कळत नाही. तो त्या पक्षाच्या दारात कोणासाठी जाऊन उभा राहतो, यावरून कळते. फक्त स्वतःसाठी जाणारा समाज हळूहळू आश्रित होतो. दुसऱ्यासाठी जाणाऱ्याला आश्रित करणं अवघड असतं, कारण त्याला गप्प बसवायला काय द्यावं हे पुढाऱ्याला समजत नाही. पुढे जे बोलणार आहे, ते सगळं या एका मुद्द्याभोवती आहे.

आधी आपण कोण आहोत ते पाहू. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली. साठच्या दशकात आकुर्डीला बजाज आणि पिंपरीला टेल्को आली. १९७० मध्ये पिंपरी-चिंचवडची नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. मग कारखानदारी नाशिक रस्त्याने चाकणकडे सरकली. २००९ मध्ये तिथे फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि त्याच्या मागेपुढे मोटारीचे सुटे भाग करणाऱ्या शेडची रांग लागली. २०११ च्या जनगणनेत महापालिकेच्या हद्दीत सव्वासतरा लाख माणसं मोजली गेली. त्याच जनगणनेत साऱ्या महाराष्ट्रात ख्रिस्ती होते १० लाख ८० हजार, म्हणजे शंभरात एकसुद्धा नाही.

आपल्या गावातल्या या थोड्या माणसांतही किती प्रकार! श्रीरामपूर, राहुरी, नेवासे, शेवगाव, संगमनेरकडून आलेली मराठी कुटुंबं, ज्यांतली कित्येक १९७२ च्या दुष्काळानंतर इकडे आली आणि अजून सप्टेंबरात हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला जातात. केरळहून आलेले फिटर, नर्स, शिक्षक. त्यांच्यातल्या सिरो-मलबार कॅथलिकांसाठी १९८८ मध्ये कल्याणला स्वतंत्र धर्मप्रांत झाला. तमिळ, गोवेकर, मंगळुरी. प्रॉटेस्टंट मंडळ्यांपैकी काही १९७० मध्ये नागपुरात स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या, काही कोणाच्याच नाहीत, भाड्याच्या गाळ्यात भरणाऱ्या. आणि आता झारखंड-ओडिशाकडची आदिवासी मुलं, जी उपासनेला शेवटच्या बाकावर बसतात आणि शेवटचं गीत संपायच्या आत निघून जातात, कारण खोलीवर सहाजणांचा स्वयंपाक त्यांनाच करायचा असतो.

या शेवटच्या बाकावरच्या मुलांचं नाव आपल्या सभासद-नोंदवहीत नाही आणि मतदारयादीतही नाही. मंडळीला वर्गणी नाही, नगरसेवकाला मत नाही. श्रद्धा, पक्ष आणि गरीब या तिन्ही गोष्टी एकत्र कशा तपासायच्या, हे मला विचाराल तर मी त्या बाकाकडे बोट दाखवीन.

आता थोडा इतिहास, कारण आपल्याला जडलेल्या सवयी जुन्या आहेत. अमेरिकन मराठी मिशनने नगरला १८३१ मध्ये काम सुरू केलं. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात आणि त्यानंतर गावकुसाबाहेरची कितीतरी कुटुंबं मिशनकडे आली. 'पोटासाठी बाटले' हा टोमणा तेव्हापासून आपल्या मागे आहे. या टोमण्याने मान खाली घालायचं कारण नाही. उपाशी माणसाने पोटाचा विचार केला यात लाज कसली? लाज वाटायला हवी त्या गावाला, जिथे विहिरी आटल्या तरी पाणवठे वेगळेच राहिले.

मात्र त्या काळाची एक खूण आपल्यावर राहिली, ती मान्य केली पाहिजे. शाळा मिशनची, दवाखाना मिशनचा, नोकरी मिशनची, कंपाउंडातली खोलीही मिशनची. मिशन मायबाप झालं. ते गेल्यावर सरकार मायबाप झालं आणि आता वॉर्डातला भाऊ मायबाप आहे. देणारा बदलला, हात पसरण्याची सवय तीच राहिली.

ही सवय मोडणारी बाई आपल्याच घरात होऊन गेली. पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. महाराष्ट्रात गहजब झाला. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार' लिहून तिची बाजू घेतली. १८८९ च्या मार्चमध्ये तिने मुंबईत शारदा सदन काढलं आणि त्याच वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनाला ती प्रतिनिधी म्हणून गेली. पुढच्या वर्षी सदन पुण्याला आलं. रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं तिच्या सल्लागार मंडळात होती. १८९३ मध्ये मुलींवर धर्माचा प्रभाव पडतो या कारणावरून वाद पेटला, 'केसरी'ने कडाडून टीका केली, सल्लागारांनी राजीनामे दिले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

इतकं झाल्यावर कोणीही सरकारच्या आश्रयाला गेलं असतं. सरकार गोरं, ख्रिस्ती. रमाबाई एकाकी. हिशेब सोपा होता.

पण १८९७ मध्ये पुण्यात प्लेग आला. प्लेग अधिकारी रँडच्या हुकमाने घरोघर झडत्या सुरू झाल्या. प्लेगच्या इस्पितळात आणि छावणीत गरीब बायकांची काय दशा होते, त्यांची अब्रू कशी धोक्यात येते, हे रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या ख्रिस्ती साप्ताहिकात जाहीर पत्र लिहून मांडलं. प्रकरण गाजलं, गव्हर्नरच्या सरकारने तिचे आरोप फेटाळले. त्याच वर्षी प्लेगच्या बंदोबस्तावर लिहिणाऱ्या 'केसरी'चे संपादक लोकमान्य टिळक राजद्रोहाच्या आरोपावरून तुरुंगात गेले. चार वर्षांपूर्वी एकमेकांसमोर उभी ठाकलेली ही दोन माणसं, न ठरवता, एकाच अन्यायाबद्दल एकाच सरकारला जाब विचारत होती. रमाबाईंनी टिळकांशी समेट केला नाही, आपला धर्मही लपवला नाही. आपल्या धर्माचं सरकार म्हणून तिने त्याला सूट दिली नाही, एवढंच.

आणि पत्र लिहून ती थांबली नाही. त्याच काळात मध्य प्रांतातल्या दुष्काळातून तिने शेकडो मुली केडगावला आणल्या. १९०० च्या सुमारास मुक्ती सदनात दोन हजारांच्या घरात स्त्रिया आणि मुली होत्या. त्या शेती करत, विणकाम करत, छापखाना चालवत. जी बाई अनाथ मुलीला जेवू घालते तीच तिच्यासाठी सरकारला पत्रही लिहिते, हे रमाबाईंमध्ये सहज होतं. आपण मात्र ही दोन कामं वाटून टाकली. जेवणाचं काम सिस्टरांचं आणि पत्राचं काम कोणाचंच नाही.

हे माझ्याआधी फार मोठ्या माणसाने सांगितलं आहे. १९३८ च्या सुरुवातीला डॉ. बाबासाहेब आंबेडकर सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलले. त्यांनी ख्रिस्ताच्या शिकवणीबद्दल आदर व्यक्त केला आणि मग सरळ विचारलं की तुमच्यात शिकलेली मुलंमुली इतकी असताना तुम्ही अन्यायाविरुद्ध का उभे राहत नाही? शिकून कोणी शिक्षक होतो, कोणी नर्स, कोणी कारकून, आणि मग आपल्या संसारात रमतो. तुमच्यापेक्षा कमी शिकलेले अस्पृश्य मात्र झगडत आहेत, अशा अर्थाचं ते बोलले. धर्मांतरानंतरच्या स्थितीवर त्यांनी जे लिहून ठेवलं, त्यातही हीच तक्रार आहे. सत्तेशी भांडायचं नाही अशी ज्यांना सवय लागली, ते स्वतःच्या हक्कासाठीही भांडू शकत नाहीत.

बारा वर्षांत हे खरं ठरलं. १० ऑगस्ट १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची यादी ठरली आणि तिच्या तिसऱ्या परिच्छेदाने ती हिंदूंपुरती ठेवली. १९५६ मध्ये शीख आत आले, १९९० मध्ये बौद्ध. दलित ख्रिस्ती आणि दलित मुसलमान बाहेरच राहिले. आदेश काँग्रेसच्या राजवटीतला. रंगनाथ मिश्रा आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असं सांगितलं, तेव्हाही सरकार काँग्रेसप्रणीत आघाडीचंच होतं आणि निर्णय झाला नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये भाजप सरकारने माजी सरन्यायाधीश बालकृष्णन यांचा आयोग नेमला आणि त्याला मुदतवाढही दिली. म्हणजे पंचाहत्तर वर्षं सगळ्या रंगांच्या सरकारांनी एकच काम केलं, थांबायला सांगितलं. आणि आपणही चर्चमधल्या जातीबद्दल बोलायचं टाळून त्यांना थांबायला मदत केली. लग्नाच्या जाहिराती वाचा, म्हणजे मी काय म्हणतो ते कळेल.

आता मी आजच्या शीर्षकाकडे येतो. नव्या करारात याकोबाचं छोटं पत्र आहे. त्याच्या दुसऱ्या अध्यायात याकोब एक प्रसंग रंगवतो. सभेत एक माणूस येतो, बोटात सोन्याची अंगठी, अंगावर भारी कपडे. दुसरा येतो मळक्या कपड्यांत. पहिल्याला तुम्ही मानाची जागा देता आणि दुसऱ्याला उभं राहायला किंवा पायाशी बसायला सांगता. याकोब म्हणतो की तिथेच तुम्ही न्यायाधीश झालात, आणि वाईट न्यायाधीश झालात.

आता हाच प्रसंग आपल्याकडे पाहू. मार्च २०२२ पासून आपल्या महापालिकेत प्रशासक होता. जवळपास चार वर्षांनी, १५ जानेवारी २०२६ ला, १२८ जागांसाठी मतदान झालं. नाताळानंतर बरोबर तीन आठवड्यांनी! त्या नाताळात कोणत्या चर्चमध्ये कोणता इच्छुक केक घेऊन आला, कोणी पेव्हर ब्लॉकचा शब्द दिला, कोणाला माईक मिळाला, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. याकोबाच्या पत्रातली अंगठी त्या दिवशी पुढच्या रांगेतल्या खुर्चीवर होती आणि मळके कपडे शेवटच्या बाकावर.

मी पाळकांना दोष देत नाही. त्यांची भीती खोटी नाही. जून २०२५ मध्ये सांगली जिल्ह्यातल्या एका दुःखद मृत्यूनंतर सत्ताधारी पक्षाच्या एका आमदाराने जाहीर सभेत धर्मगुरूंना मारणाऱ्याला लाखांची बक्षिसं जाहीर केली. त्याच्या निषेधासाठी ख्रिस्ती समाज जुलैमध्ये आझाद मैदानावर जमला, आणि त्याच महिन्यात धर्मांतराविरुद्ध कडक कायदा आणणार असं सरकारने विधिमंडळात सांगितलं. परदेशी देणग्यांचा कायदा २०२० मध्ये आणखी आवळला गेला. २०२१ च्या नाताळच्या दिवशी मदर तेरेसांच्या संस्थेच्या या कायद्याखालच्या नोंदणीचं नूतनीकरण नाकारलं गेलं आणि थोड्याच दिवसांत पुन्हा दिलं गेलं. अशा हवेत भाड्याच्या गाळ्यात उपासना चालवणाऱ्या पास्टरला वाटतं की दारात एक ओळखीचा नगरसेवक असावा. मीही त्याच्या जागी असतो तर मला तसंच वाटलं असतं.

पण हे संरक्षण कशाच्या बदल्यात मिळतं? दुसऱ्या कोणासाठी तोंड न उघडण्याच्या बदल्यात. गेल्या काही वर्षांतली आपली निवेदनं काढून वाचा. दफनभूमीला जागा द्या, चर्चपुढे गतिरोधक करा, नाताळला दिवे लावा, पोलिस बंदोबस्त द्या. सगळ्या मागण्या रास्त आहेत. मेलेल्या माणसाला जागा मिळू नये यासारखी शरमेची गोष्ट नाही. पण शंभरात एक असलेला समाज जेव्हा फक्त स्वतःसाठी मागतो, तेव्हा तो पुढाऱ्याच्या वहीत 'एक टक्का' एवढाच उरतो.

'धर्मात राजकारण आणू नका' असं आता कोणीतरी म्हणेल. अर्धं बरोबर आहे. व्यासपीठावरून अमक्याला मत द्या असं सांगणं आपल्याकडे कायद्यातच बसत नाही. लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम १२३ आहेच. शिवाय जानेवारी २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायाधीशांच्या पीठाने अभिराम सिंग प्रकरणात बहुमताने धर्माच्या नावावर मत मागणं हा भ्रष्ट मार्ग ठरवला. आणि कायदा बाजूला ठेवला तरी धोका आहेच. अमेरिकेत बरेच ख्रिस्ती एकाच पक्षाला असे बांधले गेले आहेत की तिथे पक्षाची भूमिका आणि श्रद्धा वेगळी काढणं मुश्कील झालं आहे. पक्ष चुकला की तिथे शुभवर्तमानच बदनाम होतं. त्या वाटेने आपण जाऊ नये.

पण पक्ष आणि राजकारण एक नव्हे. दावीद राजाने एका सैनिकाची बायको घेतली आणि त्याला मरायला धाडलं, तेव्हा नाथान संदेष्टा दरबारात जाऊन बोलला. नाथान दुसऱ्या कोणाला गादीवर बसवायला गेला नव्हता. मेलेल्याच्या वतीने गेला होता. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ मध्ये 'रेरुम नोवारुम' या परिपत्रकात मजुरीचा, युनियनचा आणि कारखानदाराच्या कर्तव्याचा प्रश्न मांडला. २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हे नाव घेतलं त्यामागे तेच परिपत्रक आहे. आपल्यासारख्या कारखान्यांच्या गावात तरी ते कपाटात राहू नये.

मग करायचं कसं? आपल्या आसपास तीन तऱ्हा होऊन गेल्या.

पहिली फादर हर्मन बाखर यांची. स्वित्झर्लंडहून आलेले हे जेझुइट नगर जिल्ह्यात रमले. त्यांनी क्रिस्पिनो लोबो यांच्यासह १९९३ मध्ये 'वॉटर' ही संस्था काढली. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीसारख्या गावांत माथ्यापासून पायथ्यापर्यंत पाणलोटाची कामं झाली. अट एकच होती: गावाने एकत्र बसून ठरवायचं, श्रमदान करायचं, चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी पाळायची. गावात दोन पक्ष असले तर दोघांना एका ठरावावर सही करावी लागे. पक्ष मोडून काढायची गरज पडली नाही, पाणी पक्षापेक्षा मोठं झालं. ज्या भागातून माणसं दुष्काळाने हुसकली जाऊन आपल्या पट्ट्यात आली, त्याच भागात कोणी गाव सोडू नये म्हणून हा माणूस चर खणत होता.

दुसरी फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची. 'सुवार्ता' मासिकाचे संपादक, २०२० च्या उस्मानाबाद साहित्य संमेलनाचे अध्यक्ष, जुलै २०२४ मध्ये गेले. वसईची हिरवी जमीन आणि पाणी बिल्डरांच्या घशात जाऊ लागलं, तेव्हा त्यांनी हरित वसई संरक्षण समितीतून सगळ्या धर्मांच्या माणसांना रस्त्यावर आणलं. दहशत होती, पुढारी विरुद्ध होते. त्यांनी मागणी केली ती चर्चच्या जमिनीपुरती नव्हती, वसईच्या विहिरींची होती. म्हणूनच हिंदू बागायतदार एका फादरच्या मागे चालला.

तिसरी इथून जवळची. चाकणहून शिक्रापूरच्या रस्त्याने पुढे गेलं की वढू बुद्रुक लागतं, छत्रपती संभाजी महाराजांच्या समाधीचं गाव. १९९१ मध्ये पुण्यात एक गरोदर बाई नवऱ्याच्या भीतीने आसरा मागायला आली. सिस्टर लूसी कुरियन यांनी तिला उद्या ये म्हणून सांगितलं. त्या रात्री नवऱ्याने तिला जाळलं. त्या 'उद्या'चा जाच त्यांना सुटला नाही. १९९७ मध्ये त्यांनी वढूला 'माहेर' सुरू केलं. तिथे सगळ्या धर्मांचे सण होतात, कोणाला धर्म विचारत नाहीत, बदलायला सांगत नाहीत. त्याच वढू-भीमा कोरेगावचं नाव २०१८ च्या जानेवारीत तिथल्या हिंसाचारामुळे देशभर गेलं आणि कोण कोणत्या बाजूचा, यावर राज्य दुभंगलं. त्या परिसरात मार खाल्लेल्या बाईला जात-धर्म-पक्ष न विचारता दार उघडणारं घर आधीपासून होतं आणि आजही आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

या वाटेला किंमत पडते, हेही सांगायला हवं. फादर स्टॅन स्वामी झारखंडात आदिवासींच्या जमिनीसाठी आणि कच्च्या कैद्यांसाठी झटले. एल्गार परिषद प्रकरणात ८ ऑक्टोबर २०२० ला रांचीत त्यांना अटक झाली. कंपवाताने हात थरथरत, म्हणून पाणी प्यायला सिपर मिळावा यासाठी या म्हाताऱ्याला न्यायालयात अर्ज करावा लागला. ५ जुलै २०२१ ला, ८४ व्या वर्षी, वांद्र्याच्या होली फॅमिली इस्पितळात ते वारले. खटल्याची सुनावणी उभीही राहिली नव्हती. त्यांच्यावरच्या आरोपांविषयी इथे कोणाचं मत काहीही असो. ज्या आदिवासींसाठी ते झिजले, त्यांची मुलं आपल्या शेवटच्या बाकावर बसतात. ती आपली जबाबदारी आहे.

आता याकोबाच्या त्याच पत्राचा पाचवा अध्याय. शेतात राबलेल्या मजुरांची दाबून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड परमेश्वराच्या कानी गेली आहे, असं याकोब श्रीमंतांना बजावतो. चाकणच्या शेडमध्ये उभं राहून हा अध्याय वाचा. एकाच लाईनवर दोन मुलं उभी. एक कंपनीची, एक ठेकेदाराची. काम तेच, पगार निम्मा. सहा-सात महिन्यांनी ब्रेक, मग नवीन गेटपास. 'नीम' या प्रशिक्षण योजनेच्या नावाखाली वर्षानुवर्षं शिकाऊ राहिलेली पोरं. पॉवर प्रेसखाली बोट गेलं की ठेकेदार म्हणतो, ईएसआयचं कार्ड अजून यायचं आहे.

आणि ८ डिसेंबर २०२३ आठवा. तळवड्यात वाढदिवसाच्या केकवर लावायच्या ठिणग्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या कारखान्यात आग लागली. पहिल्याच दिवशी सहा जीव गेले, पुढे उपचार घेताना आणखी. राबणाऱ्या बहुतेक बायकाच होत्या. तळवड्यापासून देहू हाकेच्या अंतरावर. दुष्काळानंतर तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, असं आपण सगळे ऐकत आलो, आणि त्याच तुकोबांच्या वाटेने आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं रेव्हरंड ना. वा. टिळक सांगत. आपल्याकडेही लेवीयमध्ये गरिबीपायी गेलेली जमीन परत देण्याचं योबेल वर्ष आहे. कॅथलिक चर्चने २०२५ हे साल योबेल म्हणून पाळलं. इतकं बळ दोन्हीकडच्या परंपरांत असताना त्या आगीनंतर आपल्यातल्या किती मंडळ्यांनी महापालिकेला लेखी विचारलं की अशा आणखी किती शेड बिनपरवाना चालू आहेत?

२१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या कामगार संहिता लागू झाल्या आहेत. त्यांत कामगारांच्या विरोधात जाणारं बरंच आहे. केंद्राच्या ठेकेदारी कायद्याची मर्यादा वीस कामगारांवरून पन्नासवर गेली, म्हणजे लहान ठेकेदार सुटला. पण प्रत्येक कामगाराला नेमणूकपत्र द्यायला हवं, आणि काम सुटल्यावर दोन कामाच्या दिवसांत हिशेब चुकता करायला हवा, हेही त्यांत आहे. शेवटच्या बाकावरच्या मुलाला हे कोण सांगणार? युनियन त्याच्यापर्यंत पोचत नाही, पक्षाला त्याचं मत नाही. रविवारी तो आपल्या दारात आपण होऊन येतो.

म्हणून माझ्या चार सूचना आहेत.

एक. उपासनेत कोणत्याही उमेदवाराला माईक नको आणि राखीव खुर्ची नको. त्याला यायचं तर यावं, जागा मिळेल तिथे बसावं. निवडणुकीआधी चर्चच्या बाहेर, सर्व उमेदवारांना एकत्र बोलावून, सर्व धर्मांच्या लोकांसमोर प्रश्न विचारावेत.

दोन. उपासनेनंतर एक टेबल मांडावं. आपल्यात निवृत्त कामगार आहेत, पीएफच्या कचेरीत काम केलेले आहेत, वकील आहेत, नर्सेस आहेत. पीएफचा यूएएन क्रमांक सुरू करून देणं, ईएसआयचं कार्ड काढून देणं, अपघाताची नोंद करून घेणं, हे त्यांना सहज जमतं. येणाऱ्याचा धर्म विचारायचा नाही. म्हणजे आमिषाचा आरोप करायलाही कोणाला जागा राहणार नाही.

तीन. आधी घरात झाडू. आपल्या शाळांतल्या मावशी, आपल्या इस्पितळांतले वॉर्डबॉय, आपल्या संस्थांचे वॉचमन ठेकेदाराकडचे आहेत की नाहीत? त्यांच्या हातात पगाराची पावती पडते का? भोसरीत शेड चालवणारे आणि कामगार पुरवणारे ठेकेदार आपल्याही मंडळ्यांत बसतात. याकोबाने पाचवा अध्याय परक्यांसाठी लिहिला असं समजून आपण सुटू शकत नाही.

चार. निवेदनाचा क्रम बदलू. दफनभूमीची मागणी राहू द्या, पण तिच्या वर अशा मागण्या असू द्या ज्यांचा फायदा आपल्या सभासद-नोंदवहीतल्या एकालाही होणार नाही. बिनपरवाना शेडची तपासणी, ठेक्यावरच्या कामगाराला रात्रीची बस, परगावच्या मुलांना रेशन.

'मग मत कोणाला द्यायचं?' हे कोणी विचारेलच. ते मी सांगणार नाही. आपली पोरं वेगवेगळ्या पक्षांत आहेत आणि असायला हवीत. सगळी एकाच पक्षात गेली तर तो पक्ष आपल्याला गृहीत धरेल, आणि सगळी एकाच पक्षाच्या विरोधात गेली तर तो पक्ष आपल्याला शत्रू समजेल. माझं एवढंच मागणं आहे की प्रत्येकाने आपापल्या पक्षाच्या कार्यालयात तेच एक निवेदन न्यावं, त्याच चार ओळी, त्याच क्रमाने. काँग्रेसवाल्याने काँग्रेसमध्ये, भाजपवाल्याने भाजपमध्ये, दोन्ही राष्ट्रवादींत आणि दोन्ही सेनांत. ते फेटाळलं तर तारीख लिहून ठेवावी, मान्य झालं तर ते अमलात येतं की नाही यावर लक्ष ठेवावं. पक्ष आपला असला तरी सूट देऊ नये.

पक्षांची नावं न घेण्याची सूचना निम्मी पाळेन म्हणालो होतो. शेवटी सगळी नावं घेतली गेली, त्याबद्दल चालकांची माफी मागतो. त्यांना एक विनंतीही करतो. हे निवेदन येत्या महिनाभरात लिहून व्हावं आणि पुढच्या वर्षीच्या वक्त्याने आपल्या विषयाला हात घालण्याआधी पहिली पाच मिनिटं त्याचं काय झालं ते सभेला विचारावं.